दुसरी सही

डिचोलीच्या निबंधक कचेरीसमोर,
झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली
एकतीस वर्षं माझं टेबल आहे.
टाइपरायटर गेला, संगणक आला,
रिबनचा काळा डाग तेवढा
अंगठ्याच्या नखाखाली राहिला.

इथली लग्नं आधी माझ्या बोटांखालून जातात.
नाव, बापाचं नाव, आईचं नाव, धंदा.
पहिली सही.
मग फळ्यावर कागद,
कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून.
मग दुसरी सही,
आणि तेवढ्यानं माणूस माणसाच्या अर्ध्याचा धनी होतो:
माडांच्या, विहिरीच्या,
फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्याही.

पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला.
म्हणून इथं लग्नाच्या माणसाला
एकट्यानं जमीन विकता येत नाही.
'सदर विक्रीस पत्नीची संमती असून'
हे मी झोपेतही टाइप करीन.
एकदा पिळगावच्या एका बाईनं
भर कचेरीत पेनाला टोपण लावलं
आणि म्हणाली, नाही करत सही.
दलाल, गाडीतून आलेला खरेदीदार, तिचा नवरा,
सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
कुळागर वाचलं.
त्या रात्री मी जेवलो नाही.

मंगळवारी दोन मुली आल्या.
कारापूरची प्रेमल गांवस, हळदोण्याची ज्योविता.
वहीची फाडलेली पानं,
वर 'मानवी हक्क आयोगास सविनय अर्ज'.
मी सवयीनं विचारलं, विषय?
प्रेमल म्हणाली, विषय आम्ही.

'आम्ही सात वर्षं एका छपराखाली राहतो.
रेशनकार्डावर एकमेकींच्या कोणी नाही.
आम्हाला गुन्हेगार म्हणणं कायद्यानं थांबवलं,
पुढं काय म्हणायचं ते सांगितलं नाही.'
टाइप करत गेलो.
'प्रतिष्ठा' हा शब्द तीनदा होता.
तिसऱ्यांदा माझ्याकडून 'प्रतीक्षा' पडला.
ज्योवितानं पडद्यावर बोट ठेवलं,
मी खोडून नीट केला.

पानाला चाळीस रुपये. पुरते घेतले.
सूट दिली असती
तर कारण द्यावं लागलं असतं.
एक प्रत मात्र जास्त काढली.

संध्याकाळची सारमानसची फेरीबोट.
कायतान साखळी सोडतो, माझ्याकडे बघत नाही.
हे न बघणं आम्ही सत्तावीस वर्षं
चांदीच्या भांड्यासारखं घासूनपुसून ठेवलंय.
चोडणला मी पुढं जातो,
तो ड्यूटी संपवून मागाहून.
गाव म्हणतं, भाडेकरू.
तोही दर महिन्याला थट्टेनं पावती मागतो,
मी रेव्हेन्यू स्टँप लावून देतो.
बिस्किटांच्या डब्यात तीनशेवर पावत्या झाल्या.
आम्हा दोघांची नावं असलेला
तेवढाच कागद घरात आहे.

रात्री त्यानं अर्ज वाचला.
रोमी लिपीतला माणूस,
अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत.
शेवटच्या पानावर बोट फिरवून म्हणाला,
"आनी आमची सय खंय?"
मी म्हटलं, हा त्यांचा अर्ज.
तो काही बोलला नाही.
पंप गळत होता,
बॅटरी घेऊन विहिरीवर गेला.

कायतान,
हार नको मला, बँड नको,
फळ्यावर येऊ दे कुणाची यायची ती हरकत.
पण मी नसेन तेव्हा
माझा पुतण्या कुणा दलालाला घेऊन येईल,
हे घर, ही विहीर,
तू वॉशर बदललेला पंपसुद्धा
एका कागदावर मांडेल,
त्या दिवशी
तू भर कचेरीत पेनाला टोपण लावावंस
आणि सगळ्यांनी
तुझ्या तोंडाकडे बघत राहावं.